अरण्यातील पाहुणा

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या सुट्टीला एक नवे ठिकाण मिळाले आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे नागपूरचे आजोळ, फार तर पचमढीची सहल किंवा वडीलधाऱ्यांबरोबर घडलेली पंढरपूरची यात्रा. आता पुण्या-नागपुरात शिकणारी नात सहज सांगते, की ती दोन आठवड्यांसाठी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा केरळातील एखाद्या सदाहरित अरण्यात संवर्धन मोहिमेवर जाणार आहे. तेथे रोपवाटिकेत काम करायचे, बाहेरून येऊन माजलेली झुडपे उपटायची, रात्री बॅटरी घेऊन बेडकांची नोंद करायची, तंबूत राहायचे आणि पायाला चिकटलेल्या जळवा मीठ लावून काढायच्या. या कामाचे वेतन मिळत नाही. उलट शुल्क आपणच भरायचे असते. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात कौतुक आणि शंका एकाच वेळी उभी राहते. कौतुकाचे कारण उघड आहे. शंकेचे कारण मात्र नीट तपासले पाहिजे, कारण तिच्या तळाशी एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्न आहे. जे अरण्य आपले नाही, जिथे आपण राहत नाही आणि कदाचित पुन्हा जाणारही नाही, ते वाचवायला जाण्याचा आपल्याला अधिकार कोणता, आणि आपले कर्तव्य तरी किती?

माझ्या थोरल्या भावाची नात अशा मोहिमेवर निघाली, तेव्हा आमच्या वहिनींनी हा प्रश्न आपल्या सौंसरी बोलीत एका वाक्यात मांडला. "आपल्या बगीच्यात निंदाले मजूर भेटत नाही, अन् हे पोरगी पैसे भरून परक्याच्या जंगलात निंदाले चालली!" घरातले सगळे हसले, मुलगीही हसली. पण या वाक्यात असलेला आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. जवळचे काम टाकून दूरच्या कामाला धावणे हा सद्गुण कसा मानायचा? दूरच्या कामाची कीर्ती होते, छायाचित्रे निघतात, आणि ते संपवून परत येता येते. जवळच्या कामाला यांपैकी काहीच नसते, आणि ते संपतही नाही.

वहिनींचा हा विचार फार मोठ्या माणसाने फार गंभीरपणे मांडलेला आहे. १९१६ मध्ये मद्रास येथे दिलेल्या व्याख्यानात गांधीजींनी स्वदेशीची व्याख्या केली. स्वदेशी म्हणजे केवळ कापडाचा प्रश्न नाही. आपल्या निकटच्या परिसराची सेवा प्रथम, दूरच्याची नंतर, अशी ती मनोवृत्ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यामागे संकुचितपणा नव्हता. ज्याला आपण ओळखतो, ज्याची भाषा आपल्याला येते, ज्याच्या दुःखाचे कारण आपल्याला कळते, त्याचीच सेवा आपण धडपणे करू शकतो. अनोळखी माणसाची सेवा करायला गेलेला सेवक पुष्कळदा सेवेच्या नावाखाली आपली कल्पनाच त्याच्यावर लादतो. गांधीजींच्या भूमिकेत ही सावधगिरी आहे.

याच्या नेमके विरुद्ध टोक १९७२ मध्ये पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने मांडले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लक्षावधी निर्वासितांच्या उपासमारीच्या निमित्ताने त्याने लिहिलेला निबंध आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शिकवला जातो. त्याचा मुद्दा साधा आहे. संकटातला जीव दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने आपल्या कर्तव्यात फरक पडत नाही. अंतर ही भूगोलाची बाब आहे, नीतीची नाही. ही भूमिका मान्य केली, तर घाटमाथ्यावरच्या झाडाचा आपल्यावर तेवढाच हक्क आहे जेवढा आपल्या बांधावरच्या झाडाचा.

या दोन टोकांमध्ये निवड करण्यापूर्वी एक घडलेले उदाहरण तपासणे उपयोगी ठरेल. केरळातील सायलेंट व्हॅली हे कुंतीपुळा नदीच्या उगमाकडचे सदाहरित अरण्य. तेथे जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्यास १९७३ मध्ये योजना आयोगाची मंजुरी मिळाली. त्यानंतरच्या दशकात केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक कार्यकर्ते, सुगतकुमारी यांच्यासारख्या कवयित्री, सालिम अलींसारखे शास्त्रज्ञ आणि असंख्य विद्यार्थी या प्रकल्पाविरुद्ध उभे राहिले. सिंहपुच्छ वानर हे त्या आंदोलनाचे प्रतीक झाले. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. भारतातील एक वर्षावन प्रत्यक्ष वाचल्याची ही सर्वांत ठळक घटना आहे. आता यातील एक गोष्ट लक्षात घ्यावी. गावोगावच्या शाळांत, ग्रंथालयांत आणि सभांत हा लढा लढणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते अरण्य डोळ्यांनी पाहिले असेल. ते तिथे गेले नाहीत. त्यांनी आपापल्या गावी राहून वाचले, लिहिले, प्रश्न विचारले, सह्या गोळा केल्या. सिंगरचे म्हणणे इथे खरे ठरले, दूरच्या अरण्याचे कर्तव्य लोकांनी ओळखले. आणि गांधीजींचेही खरे ठरले, कारण ते कर्तव्य त्यांनी आपापल्या गावात, आपल्या भाषेत पार पाडले.

मग प्रश्न अधिकच तीव्र होतो. अरण्य वाचवण्यासाठी तिथे जाण्याची गरज नसेल, तर तरुणांनी तिथे जायचे कशासाठी?

याचे एक प्रामाणिक उत्तर पाश्चात्त्य देशांनी पूर्वीच दिलेले आहे. १९७८ ते १९८० या काळात ब्रिटनमधून ऑपरेशन ड्रेक नावाची मोहीम निघाली, आणि १९८४ मध्ये तिच्याच धर्तीवर ऑपरेशन रॅले सुरू झाले. निरनिराळ्या देशांतील तरुण मुलेमुली पापुआ न्यू गिनी, पनामा यांसारख्या प्रदेशांतील अरण्यांत नेली गेली. तिथे त्यांनी पायवाटा बांधल्या, प्राण्यांच्या नोंदी केल्या, लोकोपयोगी कामे केली. या मोहिमांचा एक हेतू कधीच लपवलेला नव्हता: तरुणांचे चारित्र्य घडवणे, त्यांच्यात धैर्य आणि नेतृत्व निर्माण करणे. हा हेतू वाईट नाही. पण मग अरण्य हे साधन ठरते आणि तरुण हे साध्य. अरण्याची तालीम होते, जिथे जाऊन आपण अंग कमवतो. तालमीवर प्रेम असू शकते. पण आखाड्याची माती आपण आखाड्यासाठी मळत नाही, स्वतःसाठी मळतो. जी मोहीम स्वतःला संवर्धन म्हणवते, तिने आपल्या लाभाचा हा हिशेब स्वच्छ मांडला पाहिजे. दोन आठवड्यांत मुलाचे पुष्कळ भले होते. अरण्याचे किती होते, हे वेगळे मोजावे लागते.

ते मोजायचे, तर वर्षावनाचा काळ समजून घेतला पाहिजे. आपल्याकडची सातपुड्याची वने पानगळीची. सागवान, मोह, तेंदू, पळस ही झाडे उन्हाळ्यात उघडी पडतात आणि जमिनीवर ऊन पोचते. सदाहरित अरण्यात असे होत नाही. उंच वृक्षांच्या एकावर एक थरांखाली जमिनीवर बारमाही अंधार असतो. बी पडते, रुजते, हातभर वाढते आणि थांबते. कित्येक जातींची रोपे अशी वर्षानुवर्षे सावलीत तग धरून राहतात. एखादा जुना वृक्ष कोसळला, वर आकाशाला खिडकी पडली, म्हणजे त्यांपैकी एखादे वर झेपावते. माती सुपीक दिसते, पण तिचे पुष्कळसे सत्त्व झाडांच्या देहातच साठलेले असते. झाड गेले की मुसळधार पावसात मातीही जाते. मोठ्या बिया पसरवण्याचे काम धनेशासारखे पक्षी करतात, म्हणून पक्षी गेले की काही झाडांची पुढची पिढीही धोक्यात येते. अशी व्यवस्था मोडायला एक महिना पुरतो आणि ती जुळायला माणसाची हयात पुरत नाही.

तमिळनाडूतील वालपराई येथे चहाच्या मळ्यांमध्ये उरलेले वर्षावनाचे तुकडे पुन्हा जोडण्याचे काम दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रमण हे शास्त्रज्ञ दाम्पत्य सुमारे २००० सालापासून करीत आले आहे. स्थानिक वृक्षांच्या बिया गोळा करणे, रोपवाटिकेत त्यांना वाढवणे, घाणेरीसारखी झुडपे काढून तिथे रोपे लावणे, आणि मग त्यांतील किती जगली हे वर्षानुवर्षे पाहत राहणे, असे हे काम आहे. त्यातील शेवटचा भाग सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. मी शासकीय सेवेत आयुष्य घालवले, म्हणून आकड्यांचा स्वभाव मला थोडाफार माहीत आहे. लावलेल्या झाडाचा आकडा एका दिवसात तयार होतो. जगलेल्या झाडाच्या आकड्याला पाच-दहा वर्षे लागतात, आणि तोवर तो विचारणाऱ्याची बदली झालेली असते. २ जुलै २०१७ रोजी आपल्या राज्यात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर झाले होते. त्या दिवसाचे कौतुक झाले ते योग्यच. पण झाड लावणे हा समारंभ असतो आणि झाड जगवणे हा संसार असतो. दोन आठवड्यांची मोहीम समारंभात सामील होऊ शकते. संसार तिच्या आवाक्यातला नाही. एखाद्या मुलाला आपण अरण्य वाचवून आलो असे वाटत असेल, तर तो गैरसमज प्रेमाने पण स्पष्टपणे दूर केला पाहिजे.

तथापि, जाणेच व्यर्थ आहे असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. आपल्याच मराठी मुलुखातून निघालेली एक मोहीम याला उत्तर देते. १ नोव्हेंबर १९८७ रोजी पश्चिम घाट बचाव पदयात्रा सुरू झाली. एक तुकडी त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील नवापूरहून दक्षिणेकडे निघाली, दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेकडे. सुमारे शंभर दिवसांची ही यात्रा फेब्रुवारी १९८८ च्या आरंभी गोव्यात एकत्र आली. गोव्याच्या पीसफुल सोसायटीचे कलानंद मणी हे तिच्या संयोजकांपैकी एक. चालणाऱ्यांत तरुणांची संख्या मोठी होती. कुणी काही दिवस चालले, कुणी अखेरपर्यंत. विनोबांच्या भूदानाने १९५१ पासून घालून दिलेली पदयात्रेची परंपरा या लोकांसमोर होती. झाडे लावण्याचा मोठा कार्यक्रम त्यांच्याजवळ नव्हता. ते घाटातील वाड्यावस्त्यांवर गेले, लोकांशी बोलले, कुठले डोंगर उघडे पडले, कुठले झरे आटले, धरणांनी कोण उठले, खाणींनी काय नेले, याची नोंद करत चालले.

या चालण्याचा लाभ काय झाला? तत्काळ काहीच नाही. पण एक धागा मागे उरला. दोन दशकांनंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये, निलगिरीतील कोटागिरी येथे पश्चिम घाटाविषयी कळकळ असणारे लोक पुन्हा जमले. त्यांत जुन्या पदयात्रींचाही सहभाग होता. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश तेथे आले, आणि त्याच वर्षी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली गेली. २०११ मध्ये तिचा अहवाल आला. त्यावर वाद झाले, दुसरी समिती झाली, आणि गाडगीळ समितीच्या बहुतेक शिफारशी कागदावरच राहिल्या. पुढे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, आणि बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये शेकडो माणसे दरडींखाली सापडली. तेव्हा अनेकांना त्या अहवालाची आठवण झाली. अर्थात पदयात्रेने घाट वाचवला असे म्हणता येणार नाही. तिने एवढेच केले, की पाहिलेले विसरणार नाहीत अशी माणसे तयार केली. सावलीत थांबलेल्या रोपांसारखी ती वीस-बावीस वर्षे थांबली, आणि खिडकी पडली तेव्हा हजर होती.

आणि जे तिथेच राहतात, त्यांचे काय? कर्नाटकातील सिरसीजवळच्या सळकणी गावाचे लोक सप्टेंबर १९८३ मध्ये कळसे येथील अरण्यात गेले आणि तोडणीसाठी निवडलेल्या झाडांना त्यांनी मिठी मारली. हिमालयातील चिपको आंदोलनाचा हा दक्षिणेतला अवतार, अप्पिको. पांडुरंग हेगडे यांचे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. गावातील तरुण मंडळी त्यात पुढे होती, स्त्रिया आणि लहान मुलेही होती. त्यांना तिथे जाण्याचा अधिकार कोणता, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो पडतच नाही. तिथल्या झऱ्याचे पाणी त्यांच्या सुपारीच्या बागांना येत होते, तिथला पालापाचोळा त्यांच्या शेतात जात होता. ते अरण्याचे यजमान होते. मोहिमेवर जाणारी आपली मुले तिथली यजमान नाहीत. ती पाहुणी आहेत. माझ्या मते, या संपूर्ण प्रश्नाची किल्ली या एका शब्दात आहे.

संरक्षक म्हणून गेलेला माणूस अरण्यात हुकूम सोडतो. ग्राहक म्हणून गेलेला माणूस भरलेल्या शुल्काचा मोबदला मागतो. पाहुणा मात्र दारात थांबतो, विचारतो, जे समोर येईल ते गोड मानतो, हाताला लागेल ते काम करतो, घरातल्या वस्तू उचलून पाहत नाही, आणि वेळेवर निघतो. आपल्या संस्कृतीत अतिथीच्या सत्काराचे वर्णन विपुल आहे; अतिथीच्या कर्तव्याचे वर्णन त्या मानाने थोडे. कदाचित ते गृहीत धरले गेले असेल. पण आजच्या काळात ते स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

आणि हे सांगण्याचा थोडा विशेष अधिकार आपल्याला, सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरांना आहे, असे मला वाटते. आपण स्वतः या भूमीत पाहुणे म्हणून आलो. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने शेतकरी आणि कारागीर यांना आपल्या राज्यात येऊन वसण्यास उत्तेजन दिले. नागपूर शहराची स्थापनाही त्याचीच. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापासून भोसल्यांचा अंमल आला आणि आपली वस्ती वाढत गेली. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आलो. भाषा टिकवली, मंडळे चालवली, संत्र्याचे बगीचे उभे केले. या सगळ्याचा रास्त अभिमान आपल्याला आहे. परंतु ज्या जमिनीवर हे उभे राहिले, ती त्याआधी रिकामी नव्हती. तिथे मोह होता, तेंदू होता, पळस होता, आणि त्यांच्या ऋतूंवर जगणारी माणसे होती. यजमानाने बोलावले, पाहुणे राहिले, आणि पिढ्या गेल्यावर पाहुण्यालाच घर आपले वाटू लागले. यात अपराध शोधण्याचे कारण नाही; माणसांचा इतिहास असाच घडतो. पण पाहुणा यजमान झाला, तरी मूळच्या यजमानाचे ऋण संपत नाही, एवढे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे. कोकणातल्या किंवा केरळातल्या अरण्यात जाणाऱ्या आपल्या मुलांना आपण तेवढी शिदोरी बांधून दिली पाहिजे.

या दृष्टीने पाहता पाहुण्याची पहिली जबाबदारी विचारण्याची. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ते वन वर्षावन नव्हे, आपल्यासारखेच पानगळीचे. पण त्या गावाची एक पद्धत सर्व अरण्यांना लागू पडावी अशी आहे. बाहेरून कुणी अभ्यासाला आला, तर त्याने ग्रामसभेसमोर आपला हेतू सांगावा आणि अनुमती घ्यावी. मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्या गावाबरोबर कित्येक वर्षे काम केले, पण निर्णय गावाचा आणि आपण सहकारी, ही मर्यादा त्यांनी पाळली. मोहिमेचे पत्रक हातात आले, की आपल्या मुलांनी पहिला प्रश्न हा विचारावा: तिथल्या लोकांनी आम्हाला बोलावले आहे काय?

दुसरी जबाबदारी, जे दिसत नाहीत त्यांची चौकशी करण्याची. अरण्य निर्मनुष्य आणि सुंदर दिसते, तेव्हा ते नेहमीच निर्मनुष्य होते काय, हे विचारले पाहिजे. आपल्या शेजारच्या पेंचचेच उदाहरण घ्या. तोतलाडोह जलाशयाने आणि राष्ट्रीय उद्यानाने ज्यांचे जुने जीवन हिरावले, अशा ३०५ आदिवासी कुटुंबांना तिथे मासेमारीचे परवाने देण्यात आले, आणि त्याविरुद्धचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने वन्यजीवांची काळजी घेत, अटी घालून, त्या कुटुंबांच्या उपजीविकेचाही विचार केला. जीपमधून वाघ पाहून येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्या ३०५ कुटुंबांची माहिती आहे? वाघ राहिला पाहिजे, यात शंका नाही. पण यजमानाला परसात बसवून पाहुण्याने ओसरीवर बसावे, असा प्रकार घडत असेल, तर पाहुण्याला निदान ते कळले पाहिजे.

तिसरी जबाबदारी फेडीची, आणि ती परतल्यानंतरच सुरू होते. अरण्याला आपण दोन आठवड्यांत काही विशेष देऊ शकत नाही. त्याने दिलेले मात्र घेऊन येतो: पाहण्याची सवय, थांबण्याची सवय, एका झाडावर किती जीव अवलंबून आहेत याची जाणीव. हे कर्ज त्या अरण्याला परत करता येत नाही. ते आपल्या दाराशी असलेल्या रानालाच फेडायचे असते. वहिनींच्या आक्षेपाला माझे उत्तर इथे आहे. जवळ आणि दूर यांपैकी एक निवडायचे नसून, दूर जाऊन आलेल्याला जवळचे अधिक स्पष्ट दिसते की नाही, ही कसोटी आहे. दिसत नसेल, तर गांधीजींचा इशारा खरा, आणि ती केवळ सहल होती.

आमच्या घरातील मुलीची कसोटी ती परतल्यावर महिन्याभरातच लागली. भावाच्या शेताच्या बांधावर मोहाची पाच जुनी झाडे होती. संत्र्याची नवी लागवड करायची, ठिबकची नळी सरळ न्यायची, म्हणून ती तोडायचे ठरले होते. हिशेब चोख होता: पाच झाडांच्या सावलीत कलमे नीट वाढत नाहीत. दोन झाडे तोडूनही झाली होती. मुलीने झाडे वाचवा अशी घोषणा केली नाही, व्याख्यानही दिले नाही. तिने आपल्या वडिलांना एवढेच विचारले, की चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन या झाडांखाली मोहफुले वेचायला ज्या बाया येतात, त्यांना कुणी विचारले काय? वडील म्हणाले, जमीन आपली, झाडे आपली, त्यांना काय विचारायचे? तिने पुन्हा विचारले, की त्या केव्हापासून येतात? हे कुणालाच सांगता येईना. माझ्या भावाला आठवत होते, की आमच्या आजोबांच्या काळीही त्या येत, आणि आजोबा त्या दिवसांत बांधाकडची गुरे दुसरीकडे चारायला लावीत, फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून. सातबाऱ्यासारख्या कुठल्याही कागदावर या वहिवाटीची नोंद नाही. पण तीन पिढ्या पाळली गेलेली गोष्ट नोंद नाही म्हणून नाहीशी होत नाही.

उरलेली तीन झाडे अजून उभी आहेत. ती राहतील, असे मी आज सांगू शकत नाही. मुलीच्या वडिलांपुढे बँकेचे कर्ज आहे, मृग बहाराचा भरवसा उरलेला नाही, आणि बोअरचे पाणी दरवर्षी खोल जाते आहे. त्यांची अडचण खोटी नाही, आणि तिला निसर्गप्रेमाच्या सुभाषिताने उत्तर देता येत नाही. येत्या चैत्रात त्या बाया आल्या, की त्यांच्याशी बोलून ठरवू, एवढेच तूर्त घरात ठरले आहे. वहिनींनीच ते ठरवले. त्या म्हणाल्या, "विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटातलं उचलत नाही आपण."

यावरून मुलांना अशा मोहिमांवर पाठवावे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर वाचकांच्या लक्षात आले असेल. अवश्य पाठवावे. पैशांची ओढाताण नसेल तर शुल्कही भरावे. चौकशी मात्र दोन वेळा करावी. निघण्यापूर्वी विचारावे, की तिथे तुम्हाला कुणी बोलावले आहे, तिथले लोक कोण आहेत, आणि तुम्ही परतल्यावर लावलेल्या रोपांकडे कोण पाहणार आहे. ही चौकशी करताना मोहीम घेणाऱ्यांना राग आला, तर तेही एक उत्तरच समजावे. आणि परतल्यावर, छायाचित्रे पाहून झाली, जळवांच्या गोष्टी ऐकून झाल्या, की त्यांना घेऊन आपल्याच शिवारात एक फेरी मारावी आणि विचारावे: इथे तुला आता काय दिसते? जाम आणि कन्हान या आपल्या नद्या पुढे वैनगंगेतून आणि प्राणहितेतून गोदावरीला मिळतात. आपल्या बांधावर जे घडते, ते बांधापाशी संपत नाही. दूरच्या अरण्याचे आपण देणेकरी आहोत तसेच आपल्या दूरवरच्या कुणाचे तरी शेजारी आहोत. मुलांनी ते ओळखले, तर त्यांचा प्रवास सार्थ झाला. त्या फेरीत त्यांनी आपल्यालाही चार अवघड प्रश्न विचारले, तर मोठ्यांनी ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.